आधी टेप, मग टेंपो

चाव्या बिल्डरकडे द्यायच्या आदल्या रात्री आमच्या कोथरूडच्या जुन्या सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, तीन सोफे, एक बॉक्सचा पलंग, दोन टीव्ही युनिटं, एक अभ्यासाचं टेबल आणि गाद्यांची चळत पडली होती. जूनचा दुसरा आठवडा. पहाटे पाऊस झाला. सकाळी मी शेवटचं कुलूप लावून खाली उतरले, तर पार्टिकल बोर्डचं एक कपाट चहात बुडवलेल्या पावासारखं फुगलं होतं. दार धरून ओढलं तर बिजागरीसकट भुसा हातात आला. हेच कपाट दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर धड उभं होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांनी ते मागितलंही होतं. "बघू, सांगतो," असं उत्तर त्यांना मिळालं, आणि बांधाबांधीच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर माझ्या आईचं, नणंदेचं आणि एका मैत्रिणीचं अशी तीन घरं मी हलवली आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. सामान जुनं झालं म्हणून कचऱ्यात जात नाही, ठरवायला उशीर झाला म्हणून जातं. प्रत्येक वस्तूला तिचा पुढचा माणूस सापडायला वेळ लागतो. खुर्चीला दोन दिवस लागतील, सात फुटी कपाटाला महिना लागेल. तो वेळ हातात ठेवला, तर एरवी जिथून टेंपोभर मोडतोड निघते त्या घरातून दोन-तीन गोण्याच निघतात.

पुण्यात, ठाण्यात, मुंबईच्या उपनगरांत पुनर्विकासामुळे एकेका कुटुंबाला दोनदा घर हलवावं लागतं, एकदा भाड्याच्या घरात आणि मग परत नव्या इमारतीत. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांची तर दर एक-दोन वर्षांनी बांधाबांध होते. प्रत्येक वेळी थोडं काही मोडतं, थोडं टाकलं जातं, थोडं नवं येतं. आणि टाकलेलं कुठे जातं? घंटागाडी ओला-सुका कचरा घेते, सोफा घेत नाही. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात कचरा टाकायला आणि जाळायलाही घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली. तरी आपल्याकडे झाडाखाली टाकलेल्या गाद्या सगळीकडे दिसतात. पावसात त्या भिजतात, त्यांत डास होतात, उंदीर घर करतात. पुढे उचलल्या गेल्या तर डेपोत जातात. मुंबईचं देवनार १९२७ पासून कचरा पोटात घेतंय. पुण्याच्या कचऱ्याचा वास उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. सोफ्यातला फोम तिथे कुजत नाही, नुसता पडून राहतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की घर सोडायची तारीख कळली की पॅकर्सना फोन करायच्या आधी मोजायची टेप हातात घ्या. दोन महिने हातात असतील तर उत्तम, निदान सहा आठवडे तरी हवेत.

मोजणं

नव्या घराचा नकाशा मिळतो, पण नकाशावर विसंबू नका. प्रत्यक्ष जाऊन मोजा. भिंतीची लांबी मोजताना दार उघडल्यावर किती जागा खातं ते त्यातून वजा करा. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंचीवर आहे, बीम कुठे खाली आली आहे, पलंगाच्या डोक्याशी प्लगचा बोर्ड येतोय का, हे लिहून घ्या. मग मुख्य दाराची मोकळी रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली, जिन्याचं वळण. जुन्या इमारतींत जिना रुंद असायचा, कपाट आडवं करून चढवता यायचं. नव्या इमारतींत सगळी भिस्त लिफ्टवर. छोटा हत्ती घेणार असाल तर त्याचा हौदा साधारण सात फुटांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

मोठा पलंग मावेल का अशी शंका असेल, तर नव्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पलंगाच्या मापाचा आयत करा आणि त्याच्याभोवती चालून बघा. कपाटाचं दार उघडतं का, चादर घालायला वाकता येतं का, ते पाच मिनिटांत कळतं. नणंदेच्या घरी आम्ही हे केलं आणि साडेसहा बाय सहाचा पलंग तिथे नेऊन उपयोग नाही हे दीड महिना आधी कळलं. त्या दीड महिन्यातच त्याला घेणारं कुटुंब सापडलं. शिफ्टिंगच्या दिवशी कळलं असतं, तर तो पलंग टाकीजवळच गेला असता.

जुन्या घरात आणखी एक अडचण असते. मिस्त्रींनी घरातच बसून केलेलं कपाट मुळात कधी दारातून आत आलेलंच नसतं. ते तसंच्या तसं बाहेर निघणार नाही. मागची फळी, वरचा पत्रा, बाजूचे पाखे स्क्रूने जोडलेत की खिळे आणि फेविकॉलने, ते टॉर्च लावून आधी पाहा. स्क्रू असतील तर सुटेल. खिळे-फेविकॉल असेल तर एका जाणत्या सुताराला बोलावून विचारा. कापावं लागणार असेल तर कुठे कापायचं हे त्यांना ठरवू द्या. हमालांनी घाईत कापलेलं कपाट पुन्हा उभं राहत नाही.

मग एक वही करा. एका पानावर एक खोली. प्रत्येक वस्तूसमोर माप, असलेला दोष, कुठे जाणार आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. "कधीपर्यंत" या रकान्यात तारीख पडली नसेल तर त्या वस्तूचा निर्णय झालेलाच नाही असं समजा. मोबाइलमध्ये फोटो काढा, दिवसाउजेडी, दार उघडून आतूनही. पुढे विकायला, द्यायला आणि परत जोडायलाही हेच फोटो कामाला येतात.

घरात म्हातारी माणसं असतील तर वही त्यांच्यासमोर उघडा, त्यांच्या पाठीमागे नको. माझ्या आईचं घर हलवताना भावाला तिची वेताची खुर्ची आणि जुना एकेरी पलंग काढून टाकायचा होता. पलंगाच्या लोखंडी पट्ट्या करकरायच्या, हे खरं. पण ती पंच्याहत्तर वर्षांची. रात्री अंधारात उठताना डावा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून ती उभी राहायची. पलंगाची उंची तिच्या गुडघ्यांना सवयीची होती. नव्या घरात भिंती नव्या, दिव्याची बटणं नवी, संडासाची दिशा नवी. त्यात पलंग आणि खुर्चीही नवी आली असती तर पहिल्याच आठवड्यात ती पडली असती, असं मला आजही वाटतं. आम्ही दोन्ही नेलं आणि खुर्ची पलंगाच्या त्याच बाजूला ठेवली. पट्ट्यांच्या बोल्टांना तेल घालून ते आवळले, करकर थांबली. काय ठेवायचं हे ठरवताना नुसतं रूप पाहू नका. त्या वस्तूवर कोणाचा हात टेकतो तेही पाहा.

लाकूड ओळखा

घरातलं सगळं "फर्निचर" एकाच मापाने मोजलं जातं आणि तिथेच नुकसान होतं. कपाटाची मागची बाजू, ड्रॉवरची खालची बाजू, बिजागरीची खाच, म्हणजे जिथे पॉलिश किंवा सनमायका नाही अशी जागा शोधा. कडेला पातळ थर एकावर एक दिसले तर प्लाय. भाकरीच्या तुकड्यासारखा दाबलेला भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. अगदी गुळगुळीत, पुठ्ठ्यासारखं एकजीव दिसलं तर एमडीएफ. आणि लाकडाच्या रेषा पृष्ठभागावरून कडेपर्यंत सलग वळत गेल्या, वस्तू उचलायला जड लागली, तर अस्सल लाकूड. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते बहुधा सागवान, क्वचित शिसवी.

सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्यानेही ते लवकर बिघडत नाही. हे झाड कापण्याजोगं व्हायला कित्येक दशकं जातात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. त्याच जातीचं लाकूड आजीच्या फडताळात काळं पडून उभं असतं आणि भंगारवाला त्याचे पाचशे रुपये सांगतो. त्याचा दोष नाही, तो वजनाचा आणि वाहतुकीचा हिशोब करतो. आपण मात्र अस्सल लाकडाची कोणतीही वस्तू देण्यापूर्वी निदान दोघांना दाखवावी, एक सुतार आणि एक जुन्या लाकडाचा व्यापारी. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या फर्निचरची दुकानं आहेत. फोटो आणि मापं पाठवली की अंदाज मिळतो.

आईचं सात फुटी कपाट नव्या घरात जाणार नव्हतं. पॉलिश काळं पडलेलं, एक दार वाकलेलं. आमच्या मिस्त्रींनी ते गच्चीवर नेऊन सोडवलं. सगळ्यात आधी त्यांनी लोहचुंबक घेतला आणि प्रत्येक फळीवरून हळूहळू फिरवला. जिथे चिकटला तिथे पेन्सिलने फुली. मग पक्कड आणि पटाशी घेऊन अर्धा दिवस ते नुसते खिळे काढत बसले, कारण एक मोडका खिळा आत राहिला तर मशिनचं पातं जातं. नंतर रंधा फिरला. तिसऱ्या-चौथ्या हाताला काळ्या थराखालून गुळाच्या रंगाचं लाकूड वर आलं आणि गच्चीवर सागाचा तो तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास पसरला. आई जिन्यावरून वर आली ती त्या वासानेच. दोन दारांचा अभ्यासाच्या टेबलाचा माथा झाला, पाख्यांची पाच खणांची पुस्तकांची मांडणी झाली, मागच्या पातळ फळ्या ड्रॉवरच्या तळाला गेल्या. मजुरी आणि पॉलिश धरून जो खर्च आला, त्यात त्या मापाचं प्लायचं टेबल आलं असतं, सागवानाचं नक्कीच नाही.

इथे एक सावधगिरी. जुन्या कपाटाला ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासून उडवू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क हवा, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. निघालेला रंग कागदात गुंडाळून वेगळा बांधा.

प्लायचं आयुष्य लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. चांगल्या प्लायवर आयएसआयचा शिक्का असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण कामाचं, आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन. सनमायका सुटला म्हणून प्लाय वाया जात नाही. कपाटाची दारं माळ्याच्या फळ्या होतात, बॉक्सच्या पलंगाचा माथा टेबलाला चालतो. फक्त वाळवीची माती आणि भुंग्याने पाडलेलं पिठासारखं पांढरं चूर्ण नीट पाहून घ्या. जिथे ते दिसेल ती फळी दुसऱ्याच्या घरी मुळीच पाठवू नका.

खरी अडचण पार्टिकल बोर्डची. त्यात स्क्रू एक-दोनदाच नीट बसतो. सोडवला की भोक सैल होतं, परत जोडला की डगमगतं. म्हणून अशी वस्तू शक्यतो न सोडवता जवळच्या जवळ द्या, त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत. सोडवावीच लागली तर परत जोडताना भोकात फेविकॉल सोडून आगपेटीच्या गूल काढलेल्या काड्या घट्ट ठोकून भरा, दिवसभर वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. पकड चांगली येते. पाणी मात्र या बोर्डला थेंबभरही लागू देऊ नका. पावसाळ्यात हलवायचं असेल तर टेंपोला ताडपत्री हवीच.

लोखंडी कपाटाची चिंता सगळ्यात कमी. गोदरेजने लोखंडी कपाटं १९२३ मध्ये करायला घेतली आणि तेव्हापासून आपल्याकडे ती दोन-दोन पिढ्या वापरली जातात. पण तेही धड असताना किलोच्या भावाने देऊ नका. चावी हरवली, रंग उडाला, तळाला गंज आला, ही सगळी चावीवाल्याची आणि रंगाऱ्याची एका दिवसाची कामं आहेत. वितळवलेल्या लोखंडापेक्षा उभं कपाट कुणाच्याही जास्त उपयोगी.

कापसाची गादी असेल तर पिंजाऱ्याला बोलवा. जुना कापूस पिंजून, उन्हात घालून, थोडा नवा मिसळून तो पुन्हा गादी शिवतो, आणि एका मोठ्या गादीतून दोन लहान गाद्या किंवा लोड-तक्के होतात. फोमच्या गादीचं असं होत नाही. ती बसली की बसली. पण सोफा टाकण्याआधी त्याला उलटा करा, खालचं काळं कापड उचला आणि सांगाडा बघा. सांगाडा लाकडी आणि घट्ट असेल तर कुशनवाले नवा फोम आणि कापड घालून देतात.

देणं

पहिली विचारणा नातेवाइकांत आणि सोसायटीच्या ग्रुपवर करा, मग ओएलएक्ससारख्या ठिकाणी. मजकूर पूर्ण लिहा: माप, कितवा मजला, लिफ्ट आहे का, सोडवावं लागेल का, दोष काय आणि शेवटची तारीख कोणती. "चांगल्या स्थितीतलं कपाट" एवढंच लिहिलं की चाळीस प्रश्न येतात आणि घेणारा एकही येत नाही. किंमत सुरुवातीलाच माफक ठेवा. दोन आठवड्यांत गेलं नाही तर निम्मी करा, मग फुकट म्हणा. पंधरा हजारांना घेतलं होतं म्हणून आठ हजारांवर अडून बसलेली माणसं शेवटच्या दिवशी तीच वस्तू उचलून न्यायला पाचशे रुपये देताना मी पाहिली आहेत. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात छोटं सामान, बिजागऱ्या, कुलपं, खुर्च्या चांगल्या खपतात.

कामाला येणाऱ्या मावशींना वस्तू देताना एक गोष्ट पाळावी. त्यांच्या खोलीत ती मावते का, त्यांना ती हवी आहे का, हे मोकळेपणाने विचारा आणि "नको" म्हणायला जागा ठेवा. बरेचदा संकोचाने त्या घेतात, आणि तो सोफा दहा बाय दहाच्या खोलीत न मावल्यामुळे त्यांच्याच वस्तीच्या तोंडाशी कचरा होतो. आपला कचरा त्यांच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे दान नव्हे. द्यायचं तर धड द्या, ढेकूण आहेत का ते शिवणी उघडून तपासा, मोडलेली कडी बसवून द्या आणि टेंपोचे पैसेही आपणच भरा. माझ्या अनुभवात घेणाऱ्याची अडचण किमतीपेक्षा वाहतुकीचीच जास्त असते. हमाल आणि टेंपो आपण दिला की ज्या वस्तूला महिनाभर कोणी विचारलं नाही ती तासाभरात जाते.

पुस्तकांची कपाटं आणि मांडण्या यांच्यासाठी गावाकडचं वाचनालय हा फार चांगला पत्ता आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि लहान लहान गावांतही वाचनालयं चालतात. त्यांना पुस्तकं मिळतात, ती ठेवायला कपाटं मिळत नाहीत. अंगणवाडी, वसतिगृह, वृद्धाश्रम यांनाही विचारा, पण आधी फोन, मग फोटो, मग माप. त्यांच्या दाराशी न विचारता सामान उतरवू नका. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुन्या घरगुती वस्तू गोळा करण्याचे उपक्रम घेते. तुमच्या दारावर येणाऱ्या ताईंना विचारलं तर तुमच्या भागात ते कधी होतं ते त्या सांगतील.

पुनर्विकासाच्या घरात भिंतीला धरून असलेलं सामानही विसरू नका. कडाप्प्याची फडताळं, ओट्याची ग्रॅनाइटची लादी, स्टीलच्या ट्रॉल्या, त्यांची चॅनेलं, सागवानी चौकटी. घर पाडताना यातलं काही पाडणारा कंत्राटदार घेतो, बाकीचं राडारोड्यात जातं. दारं-खिडक्या कोणाच्या हे करारात आधी वाचा, नाहीतर शेवटी वाद होतात. आपल्या मालकीचं आहे ते सुताराकडून आणि गवंड्याकडून निगुतीने काढून घ्या. कडाप्पा ठिसूळ असतो, त्याच्या कडेवर हातोडी पडली की गेलाच. आमच्या फडताळाच्या दोन लाद्या आता नणंदेच्या अंगणात विटांवर ठेवल्या आहेत, संध्याकाळी सगळे त्यावरच बसतात.

सगळं करूनही थोडं उरतं. मोडके बोर्ड, भिजलेला फोम, सनमायक्याचे तुकडे. ते पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारून सांगतील तिथे पोचवा. जाळू मात्र नका. प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ चिकटवायला वापरलेल्या रेझिनांत फॉर्माल्डिहाइड असतं, वरचा सनमायका आणि रंगही धुरातून नाकात जातो. बंबात घालायला फक्त रंग-पॉलिश नसलेलं अस्सल लाकूड चालतं. आणि होळीत जुनं फर्निचर टाकायची जी पद्धत पडली आहे ती बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. त्या धुरात आपलीच मुलं उभी असतात.

सोडवणं, बांधणं आणि मधलं घर

जे न्यायचं ते सोडवताना प्रत्येक जोडाचा फोटो काढा. जोडाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकच आकडा लिहा. स्क्रू, बोल्ट, ॲलन की एका पिशवीत घालून वर वस्तूचं नाव लिहा. पिशवी वस्तूला चिकटवली तर वाटेत गळून पडते, म्हणून सगळ्या पिशव्या एका डब्यात आणि तो डबा आपल्या हातात. एवढ्याशा बोल्टांअभावी कितीतरी पलंग मोडीत निघतात. दुकानात तेच माप मिळत नाही, मग खिळे ठोकले जातात, आणि पुढच्या शिफ्टिंगला तो पलंग सुटत नाही.

मधल्या दोन-तीन वर्षांसाठी मोठं सामान गोदामात ठेवायचा विचार असेल तर आधी गुणाकार करा. समजा महिन्याला दोन हजार भाडं, तर तीन वर्षांचे बहात्तर हजार. एवढी किंमत फक्त अस्सल लाकडाची किंवा अगदी जिव्हाळ्याची वस्तू असेल तरच मोजावी. त्यापेक्षा गावाकडे किंवा भावंडांकडे वापरायला ठेवणं बरं. वापरातलं लाकूड चांगलं राहतं, फक्त कोणाचं काय आणि कधी परत, ते दोन ओळींत लिहून ठेवा. साठवताना प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडून बुरशी येते. जुनी सुती चादर घाला, खाली विटा ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. मधल्या घरासाठी नवं काही विकत घेऊ नका. फर्लेंको, रेंटोमोजो यांच्यासारखे भाड्याने सामान देणारे आहेत, आणि तुमच्यासारखंच घर सोडून निघालेलं कुणीतरी शेजारच्या सोसायटीत असतंच.

नव्या घरी खरेदी करायची वेळ आली की भिंतीत ठोकलेल्या कपाटांपेक्षा बोल्टने जोडलेली, सुटणारी कपाटं घ्या. पलंग बाजारात सहज मिळणाऱ्या गादीच्या मापाचा असू द्या, म्हणजे गादी बदलताना पलंग बदलावा लागत नाही. आणि घाई करू नका. ताबा मिळाल्याबरोबर सगळ्या भिंती प्लायने मढवायचा आग्रह होतो. पहिला पावसाळा जाऊ द्या. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का, संडासाच्या पाठीमागच्या भिंतीवर रंग फुगतो का, खिडकीतून पाणी कुठवर येतं, ते त्या चार महिन्यांत कळतं. तोवर कपडे लोखंडी कपाटात आणि पुस्तकं खोक्यांत राहिली तरी काही बिघडत नाही.